कुंभारीण आणि सुगरण

आपल्या घराच्या भिंतीकडे बघा. तुळईखाली, कोनाड्यात, फडताळामागे, नाहीतर देवाच्या तसबिरीच्या आड वाळलेल्या चिखलाचा एखादा गोळा चिकटलेला दिसेल. दिसायला ओबडधोबड. कोणी तरी मूठभर गारा फेकून मारावा तसा. पण तो फेकलेला गारा नव्हे. ते घर आहे.

आता विहिरीवर चला. पावसाळ्याचे दिवस आहेत असे समजा. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला गवताचे खोपे लोंबत असतात. वारा आला की ते झोके घेतात, पण तुटून पडत नाहीत. तीही घरेच.

पहिले घर कुंभारणीचे. दुसरे घर सुगरणीचे. एक माशी, एक पाखरू. माशी बोटाच्या पेराएवढी, पाखरू चिमणीएवढे. दोघांना हात नाहीत. दोघांजवळ थापी नाही, ओळंबा नाही, सुई नाही. तरी दोघांची घरे अशी, की माणसाने तोंडात बोट घालावे.

या धड्यात आपण ही दोन घरे शेजारी शेजारी ठेवून बघू. काय सारखे, काय वेगळे, ते पाहू. आणि शेवटी एक प्रश्न सोडवू. या दोघांत मोठा कारागीर कोण?

आधी नावांचे बघा. मातीचे काम करणारी ती कुंभारीण. घरकामात जिचा हात धरणारे कोणी नाही ती सुगरण. दोन्ही नावे बाईमाणसाची. आपल्या वाडवडिलांनी ती कौतुकाने ठेवली. पण या दोन नावांपैकी एक नाव खरे आहे आणि एक चुकलेले आहे. कोणते चुकले, ते वाचता वाचता कळेल.

१. मातीचे घर

कुंभारणीला आपण माशी म्हणतो. पण ती घरमाशीच्या कुळातली नाही. ती गांधीलमाशीच्या कुळातली. मात्र गांधीलमाश्या घोळक्याने राहतात आणि कुंभारीण एकटी राहते. तिचे अंग काळे, त्यावर पिवळा रंग. कंबर दोऱ्यासारखी बारीक. एवढ्या खुणेवर ती ओळखता येते.

ऊन पडले की ती पाणवठ्याच्या कडेला उतरते. न्हाणीचे पाणी जिथे मुरते तिथे, हापशाजवळच्या ओल्या जागी, गुरांच्या हौदापाशी. ओली माती ती जबड्याने खरवडते. तिची बारीक गोळी करते. गोळी तोंडात धरून घरी आणते आणि भिंतीवर थापते. थापताना गूंऽ गूंऽ असा आवाज येतो. तो आवाज म्हणजे तिचे गाणे नव्हे. गोळी लावताना ती आपले अंग थरथरवते. त्या थरथरीने ओला चिखल पसरतो आणि नीट बसतो. गवंडी थापी हलवून गिलावा बसवतो, तसेच हे.

अशी गोळीवर गोळी लावून ती एक लांबट खोली करते. खोली अंगठ्याच्या पेराएवढी. एका खोलीसाठी मातीच्या विसाहून अधिक खेपा घालाव्या लागतात.

खोली झाली की कुंभारीण शिकारीला जाते. ती कोळी धरते. कोळ्याला नांगी मारते. नांगीच्या विषाने कोळी मरत नाही, लुळा पडतो. यातच सारी खुबी आहे. मेलेला कोळी सडून गेला असता. लुळा कोळी पळत नाही आणि सडतही नाही. तो ताजा राहतो. असे आठदहा, कधी त्याहूनही जास्त कोळी ती त्या खोलीत भरते. त्यांतल्या एका कोळ्यावर ती आपले अंडे घालते. मग खोलीचे तोंड चिखलाने बंद करते.

एक खोली झाली की तिला लागून दुसरी. मग तिसरी. काही खोल्या झाल्या की साऱ्यांवर मिळून चिखलाचा जाड लेप देते. म्हणून तो गोळा बाहेरून ओबडधोबड दिसतो. आतून मात्र प्रत्येक खोली नीटनेटकी असते.

पुढे अंड्यातून अळी निघते. ती साठवलेले कोळी एकामागून एक खाते. मोठी होते, कोष करते आणि कोषात तिची माशी बनते. याला साधारण महिना-दीड महिना लागतो. हवा थंड असेल तर जास्त. मग नवी माशी मातीची भिंत कुरतडते आणि गोल भोक पाडून बाहेर येते.

तेव्हा तिची आई कुठे असते? बहुधा मेलेली असते. आईने लेकराचे तोंड पाहिलेले नसते आणि लेकराने आईचे. आणि बाप? बाप घर बांधत नाही, कोळी आणत नाही. सारा खटाटोप एकट्या आईचा. म्हणून कुंभारीण हे नाव तिला शोभते. हे नाव खरे.

२. गवताचे घर

आता सुगरणीकडे वळू. एरवी हे पाखरू चिमणीसारखेच भुरे दिसते. पण पावसाळा जवळ आला की नराचा रंग पालटतो. डोके पिवळेधमक होते, तोंडावर काळसर मुखवटा चढतो. मादी मात्र भुरीच राहते. ही खूण ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

ही पाखरे वस्ती करून राहतात. एकेका झाडावर दहा-वीस खोपे दिसतात. झाड बहुतेक काटेरी, नाहीतर शिंदीसारखे उंच. फांदी पाण्यावर झुकलेली असेल तर उत्तमच. सापाला आणि मांजराला तिथे पोचणे अवघड. आणखी एक गंमत. पुष्कळदा खोपे झाडाच्या पूर्वेच्या अंगाला असतात. आपल्याकडे पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो. त्या वाऱ्याचा मारा पूर्वेच्या अंगाला कमी बसतो. आपणही घराचे दार झडीच्या बाजूला ठेवत नाही. त्यातलेच हे.

खोप्यासाठी भाताची, उसाची, नाहीतर उंच गवताची पात लागते. पाखरू पातीच्या कडेला चोचीने चीर पाडते, टोक चोचीत धरते आणि उडते. पातीची लांब पट्टी सोलून निघते. ती हिरवी पट्टी फांदीला गुंडाळायची, तिला गाठ द्यायची, दुसरी तीत ओवायची. एका खोप्यासाठी पाचशेपर्यंत खेपा होतात. पुरा खोपा व्हायला अडीच आठवडे तरी लागतात.

निम्मे काम झाले की खोपा उलट्या टोपीसारखा दिसतो. खाली दोन बाजूंना तोंडे आणि मधे एक आडवी दोरी. इथे काम थांबते. का थांबते? तर मालकीण पसंत करायला येते म्हणून! मादी येते, त्या आडव्या दोरीवर बसते, चोचीने ओढून बघते. खोपा पसंत पडला तर नर पुढचे काम करतो. एका बाजूला अंड्यांची खोली करतो. दुसऱ्या बाजूने खाली लांब नळी सोडतो, ती जायची-यायची वाट. खोपा पसंत पडला नाही, तर तो तसाच अर्धा लोंबत राहतो. तुम्ही असे अर्धवट खोपे पाहिले असतील. ते वाऱ्याने मोडलेले नसतात. ते नाकारलेले असतात.

आता उलगडा झाला ना? खोपा विणतो तो नर. पिवळ्या डोक्याचा बाप्या. मादी खोपा विणत नाही, ती खोपा पारखते. आतले थोडेसे अस्तर ती घालते, एवढेच. म्हणजे आपण ज्याला सुगरण म्हणतो तो खरा सुगरा आहे! चुकलेले नाव ते हे.

पण मादी बसून खाते असे समजू नका. ती दोन ते चार पांढरी अंडी घालते. पंधरा-सोळा दिवस ती एकटीच उबवते. पिल्लांना चारण्याचे कामही बहुतेक तिचेच. नर तोवर दुसरा खोपा बांधायला घेतो आणि दुसरी मादी बोलावतो. त्याचे विणकाम नावाजण्यासारखे. संसाराबद्दल मात्र त्याचा दाखला कोणी घेऊ नये.

३. काय सारखे, काय वेगळे

आता दोघांचा हिशेब मांडू.

कुंभारीण मातीने घर बांधते, सुगरण गवताने. पण माती सुगरणीच्या खोप्यातही असते. अर्धा खोपा झाला की नर आतून ओल्या मातीचे, शेणाचे गोळे लावतो. वाऱ्यात खोपा फार हेलकावू नये म्हणून तो असे करीत असावा, असे अभ्यासक मानतात.

कुंभारणीचे घर आई बांधते. सुगरणीचे घर बाप बांधतो.

कुंभारीण लेकरांसाठी शिधा भरून ठेवते आणि दार लावून निघून जाते. सुगरण रोज चारा आणते आणि पिल्लांच्या चोचीत घालते.

कुंभारीण स्वतः फुलातला रस पिते, पण लेकरांना कोळी देते. सुगरण स्वतः दाणे टिपते, पण पिल्लांना किडे आणि अळ्या देते. म्हणजे लेकरू वाढायचे तर त्याला सकस खाणे पाहिजे, हे दोन्ही घरांत सारखेच. ही गोष्ट आपल्याही घरात विसरण्याजोगी नाही.

४. ऐकलेल्या गोष्टी

या दोघांविषयी आपल्याकडे दोन गोष्टी फार दिवस चालत आल्या आहेत.

पहिली गोष्ट कुंभारणीची. तिची एक बहीण-जात आहे. ती कोळ्यांऐवजी अळ्या धरते. तिलाही आपण कुंभारीणच म्हणतो. लोक बघायचे की माशी अळी घेऊन आली. अळी मातीच्या घरात कोंडली. गूंऽ गूंऽ असा आवाज केला. पुढे काही दिवसांनी त्या घरातून माशी बाहेर आली. लोक म्हणाले, "अळीला माशीचा ध्यास लागला. ध्यास घेता घेता अळीचीच माशी झाली." हा दृष्टांत तुम्ही कीर्तनात ऐकला असेल.

दृष्टांत सुंदर आहे. माणूस ज्याचा ध्यास घेतो तसा तो होतो, ही शिकवण चांगली आहे. ती आपल्या मनाविषयी आहे. पण माशीच्या घरात घडते ते वेगळे. कोंडलेल्या अळीची माशी होत नाही. कोंडलेली अळी खाल्ली जाते. माशी होते ती माशीच्याच अंड्यातून. अंडे बारीक असते आणि बंद खोलीत असते. म्हणून ते कोणाला दिसले नाही. आत गेलेली अळी दिसली, बाहेर आलेली माशी दिसली. मधले दिसले नाही, ते लोकांनी मनाने भरून काढले.

दुसरी गोष्ट सुगरणीची. लोक सांगतात, "सुगरण खोप्यात चिखल लावते आणि त्यात काजवे चिकटवते. रात्री घरात उजेड हवा म्हणून." ऐकायला किती गोड! पण चिखल खरा आणि काजवे खोटे. खोपे उघडून बघणाऱ्यांना चिखल सापडला, दिवा सापडला नाही.

दोन्ही गोष्टींत अर्धे पाहिलेले आहे आणि अर्धे ऐकलेले आहे. आपल्या पुष्कळ समजुती अशाच असतात. अंगावर आलेले पुरळ, गाईचे आटलेले दूध, पिकावर पडलेली कीड. काय झाले ते दिसते. का झाले ते दिसत नाही. मग जो पहिला बोलेल त्याचे खरे वाटते. त्यात कधी पैसा जातो, कधी जनावर जाते. कधी औषध वेळेवर मिळत नाही आणि माणूस जातो. म्हणून मधले काय घडते ते बघायला शिकले पाहिजे.

५. ज्यांनी नीट पाहिले

सुगरणीचे मधले कोणी पाहिले? पुष्कळांनी पाहिले. पण आपल्या महाराष्ट्रात बसून ज्यांनी ते पाहिले, त्यांचे नाव सांगतो. सालिम अली. त्यांचा जन्म १८९६ सालचा. त्यांना विद्यापीठाची पदवी मिळाली नव्हती. मुंबईच्या संग्रहालयात नोकरी होती, तीही पैशाअभावी सुटली. मग ते अलिबागजवळ किहीम गावी जाऊन राहिले. घराजवळ सुगरणींची वस्ती होती. १९३० सालच्या पावसाळ्यात त्यांनी त्या वस्तीवर नजर ठेवली. कोणता खोपा कोणत्या दिवशी सुरू झाला, मादी कधी आली, नराने पुढे काय केले, हे सारे ते वहीत टिपत गेले.

त्या वहीतून काय निघाले? खोपा नर विणतो. मादी अर्धा खोपा बघून पसंत करते. एक संसार थाटून झाला की नर दुसरा खोपा घेतो. हे सारे १९३१ साली छापून आले. पुढे सालिम अली पक्ष्यांचे जाणकार म्हणून जगभर नावाजले गेले. १९८७ साली ते वारले. त्यांची सुरुवात बघा. डोळे, वही आणि धीर.

कुंभारणीचे मधले पाहणारा माणूस फ्रान्स देशातला. नाव फाब्र. जन्म १८२३ चा, मृत्यू १९१५ चा. तो शाळामास्तर होता आणि गरीब होता. त्याने वर्षानुवर्षे माश्या आणि किडे बघितले. एकदा त्याने गंमत केली. कुंभारीण चिखल आणायला गेली असताना त्याने तिचे घरटे भिंतीवरून काढून घेतले. माशी परत आली. घरटे नाही! मग तिने काय केले असेल? तिने चिखल त्या मोकळ्या भिंतीवरच लिंपला. पुन्हा गेली, पुन्हा चिखल आणला, पुन्हा तिथेच लिंपला. जागा तिला बरोबर आठवत होती. पण घरटे नाही, हे तिला कळत नव्हते.

दुसऱ्या वेळी त्याने खोलीतला कोळी आणि त्यावरचे अंडे काढून घेतले. माशीने दुसरा कोळी आणला. त्याने तोही काढला. तिने आणखी आणला. असे चालत राहिले. शेवटी तिने ती खोली बंद केली. आत कोळी नाही, अंडे नाही. रिकाम्या खोलीला तिने नीट दार लावले आणि ती निघून गेली.

६. मोठा कारागीर कोण?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ.

कोणी म्हणेल, "कुंभारीण मोठी. एकटी बाई. कोणाची मदत नाही. तरी घर बांधते, शिधा भरते." हे खरे आहे.

कोणी म्हणेल, "सुगरण मोठी. गवताच्या पातीला गाठ मारायची, तीही चोचीने. आपल्याला दहा बोटांनी जमणार नाही." हेही खरे आहे.

मग निवाडा कसा करायचा? माझ्या मते एक गोष्ट तपासावी. काम चुकले तर दोघे काय करतात?

कुंभारीण जन्मते तीच सारे घेऊन. तिला कोणी शिकवत नाही. शिकवायला आई जिवंत नसते. पहिलेच घर ती नीट बांधते. हा तिचा मोठेपणा. पण तिची मर्यादाही तीच. ठरलेले काम ठरलेल्या क्रमाने ती करते. मधे कोणी विघ्न आणले तर तिची चूक तिला दिसत नाही. रिकाम्या खोलीला ती दार लावते.

सुगरणीचे तसे नाही. विणण्याची ओढ तिच्या नरालाही जन्मापासून असते. पण चोच सरावाने बसते. लहान वयाचे नर खोपे विणू लागतात, तेव्हा ते वेडेवाकडे होतात. गाठी सुटतात, पात गळून पडते. ते पुन्हा विणतात. पुढे पुढे हात बसतो. खोपा नाकारला गेला तर नर रडत बसत नाही. तो नवा खोपा सुरू करतो.

याची पारख शास्त्रज्ञांनी केली आहे. आफ्रिकेत सुगरणीचे भाऊबंद आहेत. कॉलिआस नावाच्या पतिपत्नींनी त्यांतली काही पिल्ले गवताची पात न देता वाढवली. मोठे झाल्यावर त्या नरांपुढे पात ठेवली. त्यांना ती विणता येईना. काही आठवडे सराव केल्यावर जमू लागले. मात्र लहानपणापासून पातीशी खेळलेल्या नरांची सफाई त्यांच्या कामात लवकर आली नाही. म्हणजे बघा. उशीर झाला तर कष्ट जास्त पडतात. पण शिकणे अडत नाही.

माझा निवाडा असा. नेटकेपणात दोघे सारखे. पण जो आपली चूक सुधारू शकतो, तो मोठा कारागीर. म्हणून मी सुगरणीच्या नराला पहिला नंबर देईन. तुमचे मत वेगळे असेल तर वर्गात उठून सांगा. मात्र कारण दिले पाहिजे.

कोणी कोणी म्हणतात, "आता या वयात काय शिकायचं? आमचं झालं आता." मंडळी, हे बोलणे कुंभारणीला शोभते. तिला खरोखरच नवीन शिकायचे नसते. माणूस तर सुगरणीच्याही पुष्कळ पुढे आहे. पहिल्या दिवशी काढलेला 'अ' आज बघा आणि आज काढलेला 'अ' बघा. खोपा सरळ होत चालला आहे की नाही?

७. लिहून ठेवले तर राहते

खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी शेतकरीण होत्या. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. पण डोळे असे, की शेतातले, घरातले, पाखरांतले काही सुटायचे नाही. सुगरणीच्या खोप्यावरही त्यांनी गाणे रचले. १९५१ साली त्या वारल्या आणि १९५२ साली त्यांची गाणी पुस्तकात छापली गेली. ती आपल्यापर्यंत आली, कारण घरच्यांनी ती कागदावर उतरवून ठेवली होती. ज्या बायांचे बोल कोणी लिहून ठेवले नाहीत, त्यांचे बोल त्यांच्याबरोबर गेले. डोळे त्यांनाही होते. अक्षर नव्हते.

तुमच्याजवळ आता दोन्ही आहेत.

८. आपण काय करावे?

कुंभारीण उगाच चावत नाही. तिच्या वाटेला गेले नाही तर ती आपल्या वाटेला येत नाही. तिच्या अळ्या धरणाऱ्या बहिणी पिकावरच्या अळ्या कमी करतात. म्हणून मातीचे घर दिसले की लगेच फोडू नका. आधी नीट बघा. प्रत्येक खोलीला गोल भोक पडले असेल तर लेकरे निघून गेली आहेत. मग ते खुशाल खरवडून टाका. भोक नसेल तर आत जीव असू शकतो. मात्र कुलपात, पंपाच्या नळीत, फवाऱ्याच्या तोंडात तिने चिखल भरला तर तो काढलाच पाहिजे. वापर नसताना अशी तोंडे चिंधीने बांधून ठेवावीत.

गांधीलमाशीचे पोळे ही गोष्ट वेगळी. ते कागदासारखे असते आणि त्यावर पुष्कळ माश्या बसलेल्या असतात. त्याला दगड मारू नये, पोरांना मारू देऊ नये. पुष्कळ माश्या चावल्या, नाहीतर एका चाव्यानेही दम लागू लागला किंवा तोंड सुजले, तर घरगुती उपायात वेळ घालवू नये. ताबडतोब दवाखाना गाठावा.

सुगरण पिकलेले दाणे खाते, हे खोटे नाही. ज्वारी, बाजरी, भात दाण्यावर आला की राखण करावी लागते. पण पिल्ले वाढत असतात तेव्हा हेच पाखरू आपल्या शेतातले किडे वेचून नेते. तेव्हा पीक राखावे, खोपे तोडू नयेत. रिकामे खोपेही झाडावरच राहू द्यावेत. मुनियासारखी लहान पाखरे त्यांत संसार थाटतात. आणि विहिरीवरची बाभूळ तोडण्याआधी वर एकदा बघावे.

करून पाहा

येत्या पावसाळ्यात एक खोपा निवडा. रोज एकाच वेळी दुरून बघा. झाडाला हात लावू नका. वहीत तीनच गोष्टी लिहा. तारीख. खोपा किती झाला. त्यावर कोण बसले होते, पिवळ्या डोक्याचे की भुऱ्या डोक्याचे. वीस दिवसांनी वही वर्गात वाचून दाखवा. मग या धड्यातले खरे की खोटे, ते तुम्हीच सांगाल.

सांगा पाहू

१. कुंभारीण कोळ्याला ठार का मारीत नाही?
२. अर्धवट खोपे झाडावर का लोंबत राहतात?
३. 'सुगरण' हे नाव का चुकले?
४. कोंडलेल्या अळीची माशी होते, असे लोकांना का वाटले?
५. तुमच्या गावात अर्धी पाहिलेली आणि अर्धी ऐकलेली अशी एखादी समजूत आहे का? तिच्यातले मधले कसे बघता येईल?

नवे शब्द

कोष – अळी आपल्याभोवती करते ते वेष्टन.
नैर्ऋत्य – दक्षिण आणि पश्चिम यांच्या मधली दिशा.
दृष्टांत – शिकवण पटावी म्हणून दिलेले उदाहरण.
निवाडा – दोन्ही बाजू ऐकून दिलेला निकाल.
सराव – तेच काम पुन्हा पुन्हा करून हात बसवणे.